लक्ष्मीबाई टिळक : सोवळ्यातून सेवेकडे

२४ फेब्रुवारी ही 'स्मृतिचित्रे'च्या लेखिका लक्ष्मीबाई टिळक यांची पुण्यतिथी. १९३६ साली याच दिवशी नाशिक येथे त्या ख्रिस्तवासी झाल्या. हा दिवस बहुतेक वर्षी प्रायश्चित्तकाळाच्या आगेमागे येतो. आपले जीवन तपासून पाहावे, जुनी सवय टाकून नवी अंगी बाणवावी, असा संकल्प आपण श्रद्धावंत ज्या दिवसांत करतो, त्याच दिवसांत या थोर स्त्रीचे स्मरण व्हावे हे आम्हांस उचित वाटते. संकल्प सोडणे सोपे आणि तो रोज पाळणे किती कठीण, हे लक्ष्मीबाईंच्या जीवनाइतके स्पष्टपणे क्वचितच कोणी दाखविले असेल.

आमच्या दिंडोरी परिसराशी त्यांचे नाते शेजारपणाचे आहे. त्यांचे जन्मगाव जलालपूर नाशिकजवळच, गोदावरीच्या काठी आहे. ज्या राहुरीत त्यांचा स्नानसंस्कार झाला आणि ज्या अहमदनगरात (आजचे अहिल्यानगर) त्यांच्या ख्रिस्ती जीवनाची बरीच वर्षे गेली, ती दोन्ही ठिकाणे १९८७ साली स्थापन झालेल्या आपल्या नाशिक धर्मप्रांताच्या सीमेत येतात. लक्ष्मीबाई कॅथलिक नव्हत्या. अमेरिकन मराठी मिशनच्या प्रॉटेस्टंट मंडळीत त्यांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला. परंतु त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची भजने आपल्याही मंदिरांतून भक्तिभावाने गायली जातात. आणि स्नानसंस्काराने सर्व ख्रिस्ती जन एकमेकांशी जोडले गेले आहेत, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ सालीच स्पष्ट केले आहे. तेव्हा या भगिनीची जीवनकथा आपल्याच घरातली समजून वाचावी, अशी वाचकांस विनंती आहे.

जलालपूरचे घर

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली गोखले घराण्यात झाला. त्यांचे माहेरचे नाव मनकर्णिका, घरातले लाडके नाव मनू. १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी झाली होती. त्या आघाताने लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनावर विलक्षण परिणाम झाला. सोवळ्याओवळ्याचे वेड त्यांच्या डोक्यात शिरले आणि ते आयुष्यभर गेले नाही. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू विटाळलेली, प्रत्येक स्पर्श संशयाचा, अशी त्यांची धारणा झाली. बाजारातून आणलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात येत नसे. मिठासारख्या वस्तूचीही या धुण्यातून सुटका नसे. सर्वांत अधिक सोसावे लागे ते घरातील स्त्रियांना. पाणी आणावे, धुवावे, पुन्हा विटाळ झाला म्हणून पुन्हा धुवावे, यातच त्यांचा दिवस मावळत असे.

पाण्याचा एवढा वापर असूनही त्या घरात आरोग्य नव्हते. स्वच्छता ही चांगली सवय खरी; पण तिच्या मुळाशी भीती असली तर तीच सवय माणसाला जखडून ठेवते. मार्ककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात, हात न धुता जेवणाऱ्या शिष्यांना परूश्यांनी दोष दिला, तेव्हा प्रभू येशूने मनुष्याला अशुद्ध करणारे जे काही असते ते त्याच्या अंतःकरणातून निघते, असे शिकविले. जलालपूरच्या त्या लहान मुलीला हा अध्याय ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याचा अर्थ मात्र ती घरातल्या हंड्याकळशांपाशी रोज अनुभवीत होती, आणि पुढे तीस वर्षांनी तो तिला उमगणार होता.

संसार आणि वियोग

१८८० साली, वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी, त्यांचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला. टिळक कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचे. लहानपणीच आईला पारखे होऊन ते शिक्षणासाठी नाशिकला आले होते. बुद्धी तीव्र, कवित्व जन्मजात, मन अत्यंत उदार आणि स्वभाव तितकाच तापट, असे हे गृहस्थ होते. एका जागी त्यांचे बस्तान कधी बसलेच नाही. आज शिक्षक, उद्या कीर्तनकार, परवा एखाद्या नियतकालिकाचे संपादक, अशी त्यांची भ्रमंती चाले. हातातला पैसा समोरच्या गरजवंताच्या हाती केव्हा जाईल याचा नेम नसे. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला माहेरी आणि नातलगांकडे दिवस काढणे आले. अपत्यांच्या मृत्यूचे दुःखही त्यांनी सोसले. १८९१ साली पुत्र दत्तू, म्हणजेच पुढे लेखक व संपादक म्हणून प्रसिद्धीस आलेले देवदत्त टिळक, जन्मास आला.

१८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत टिळकांची एका युरोपियन गृहस्थाशी गाठ पडली. त्यांनी टिळकांना नव्या कराराची प्रत दिली. ती वाचता वाचता, विशेषतः डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर, टिळकांच्या शोधक मनाला जे हवे होते ते सापडले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पत्नीवर या वार्तेने जणू वीज कोसळली. त्या काळी धर्मांतर म्हणजे जातीतून, नात्यातून, पंगतीतून कायमचे उठणे. पती जिवंत असून नसल्यासारखा झाला. आप्तांनी लक्ष्मीबाईंना आणि मुलाला आधार दिला. नाशिक, पंढरपूर अशा ठिकाणी त्यांचे दिवस गेले. पतीची पत्रे येत होती, मनात प्रेम होते, रागही होता, आणि या दोहोंच्या मध्ये सोवळ्याची ती जुनी भिंत उभी होती. या चार-पाच वर्षांच्या वियोगाविषयी आम्ही श्रद्धावंतांनी हळुवारपणे बोलले पाहिजे. एकाच्या श्रद्धेची किंमत कधी कधी घरातल्या दुसऱ्याला मोजावी लागते. टिळकांची निष्ठा जेवढी खरी होती, तेवढेच लक्ष्मीबाईंचे अश्रूही खरे होते.

मन कसे पालटले

अखेर त्या पतीकडे अहमदनगरास आल्या. आल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठी मात्र नव्हे. त्यांचे स्वयंपाकपाणी वेगळे, देवधर्म वेगळा, सोवळे कायम. टिळकांनी सक्ती केली नाही, हे त्यांच्या तापट स्वभावाकडे पाहता विशेष म्हटले पाहिजे. एका छपराखाली दोन चुली पेटत राहिल्या. लक्ष्मीबाई पाहत होत्या, ऐकत होत्या, ताडून बघत होत्या.

त्यांच्या मनातील पहिली गाठ सुटली ती जातीची. परमेश्वराने जर माणसे निर्माण केली, तर ब्राह्मण, महार, मुसलमान हे भेद कोणी निर्माण केले, असा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला. देवाने मनुष्यप्राणी घडविला आणि जात माणसाने घडविली, या उत्तरापाशी त्या पोहोचल्या. हे उत्तर त्यांनी कोणा उपदेशकाकडून उसने घेतले नव्हते. ते त्यांच्या स्वतःच्या विचारातून आले होते, म्हणूनच ते टिकले. त्यानंतर कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यावयाचे असा निश्चय त्यांनी केला.

वाचकहो, या निश्चयाचे मोल आपण नीट ओळखू या. मनाने एखादी गोष्ट मान्य केली म्हणजे शरीर लगेच मागोमाग येते असे नाही. जन्मापासून ज्या हाताला परक्याच्या स्पर्शाने आखडण्याची सवय लागली, तो हात एका विचाराने मोकळा होत नाही. तो रोज पुढे करावा लागतो. पाण्याचा पेला रोज घ्यावा लागतो, पंगतीला रोज बसावे लागते. देवाची कृपा क्षणात स्पर्श करते; तिला वाट देणारी सवय मात्र दिवसादिवसाने घडते. १९०० साली राहुरी येथे लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांचे वय बत्तीस वर्षांचे होते. जे पाणी लहानपणी इतरांना दूर ठेवण्यासाठी ओतले जात होते, ते आता सर्वांशी जोडणारे पाणी झाले.

तेच हात, तेच पाणी

त्यांच्या जीवनातील हा पालट खरा की वरवरचा, याची परीक्षा लवकरच झाली. १८९९–१९०० च्या दुष्काळाने दख्खनचे गावोगाव होरपळले होते. टिळकांच्या घराचे दार अनाथ मुलांसाठी उघडे होते आणि त्या मुलांचे करणे लक्ष्मीबाईंच्या अंगावर येत होते. कोणाच्या जातीची चौकशी न करता त्यांना न्हाऊ-माखू घालणे, भरवणे, शिस्त लावणे हा त्यांचा नित्यक्रम झाला. जिथे एकेकाळी एका कुटुंबाचीही चूल सोवळ्याने वेगळी पडली होती, तिथे आता परक्यांची मुले एकाच चुलीवरचे अन्न खाऊ लागली.

मग प्लेग आला. १८९६ साली मुंबईत शिरलेली ही साथ पुढे महाराष्ट्रभर पसरली. लोक घरे सोडून रानात राहू लागले. सख्खे नातलग रोग्याजवळ जाण्यास धजेनात. अशा वेळी अहमदनगरात लक्ष्मीबाई प्लेगच्या रुग्णांच्या शुश्रूषेस उभ्या राहिल्या. परिचारिकेचे रीतसर शिक्षण त्यांच्यापाशी नव्हते. होती ती काम करण्याची तयारी आणि, आम्हांस वाटते, लहानपणापासून हाडीमासी खिळलेली स्वच्छतेची शिस्त. देव माणसाची जुनी सवय नेहमीच उपटून टाकतो असे नाही. पुष्कळदा तो तिचे तोंड फिरवितो. जलालपूरच्या घरात हात धुतले जात ते दुसऱ्याचा विटाळ होऊ नये म्हणून. प्लेगच्या छावणीत हात धुतले गेले ते दुसऱ्याला बरे करता यावे म्हणून. हात तेच, पाणी तेच. मधल्या काळात भीतीची जागा प्रीतीने घेतली होती. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभूने घंगाळात पाणी घेऊन शिष्यांचे पाय धुतले, त्या कृतीचा हा साधा, घरगुती अनुवाद होता.

अक्षरांची वाट

लक्ष्मीबाई कोणत्याही शाळेत गेल्या नाहीत. त्यांना अक्षरओळख करून दिली ती टिळकांनी, तीही संसाराच्या धकाधकीत, कधी उत्साहाने तर कधी रागावत. जोडाक्षरांशी त्यांची लढाई दीर्घकाळ चालली. तरीही वाचनाचा आणि कविता जुळविण्याचा नाद त्यांनी सोडला नाही. पुढे ज्यांना महाराष्ट्र 'बालकवी' म्हणून ओळखू लागला, ते त्र्यंबक बापूजी ठोंबरे त्यांच्या घरी राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलाप्रमाणे माया दिली. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेच्या अपघातात बालकवी गेले आणि पाठोपाठ ९ मे १९१९ रोजी टिळकांचेही मुंबईत निधन झाले.

वयाच्या पन्नाशीत वैधव्य आले. त्या काळची सर्वसाधारण स्त्री अशा प्रसंगी कोपऱ्यात बसून राहिली असती. लक्ष्मीबाई उठल्या आणि कामाला लागल्या. मुंबईत मुलींच्या वसतिगृहाची देखरेख त्यांनी केली. पुढे काही काळ त्या कराचीत राहिल्या. टिळक मागे एक मोठे काम अपुरे ठेवून गेले होते. प्रभू येशूचे चरित्र मराठी काव्यात गाणारे 'ख्रिस्तायन' त्यांनी हाती घेतले होते, पण सुरुवातीचे काही अध्यायच त्यांच्या हातून झाले. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली प्रसिद्ध झाले होते. त्या परंपरेला पुढे नेणारे हे काव्य अर्धवट राहू नये म्हणून, शाळेचे तोंड न पाहिलेल्या या स्त्रीने त्यात ६४ अध्यायांची भर घातली. ६४ अध्याय ही एका स्फूर्तीची निर्मिती नसते. रोज बसावे लागते, थोडे लिहावे लागते, खोडावे लागते, पुन्हा लिहावे लागते.

'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र १९३४ पासून १९३७ पर्यंत चार भागांत प्रसिद्ध झाले. पहिला भाग निघाला तेव्हा लक्ष्मीबाई ६६ वर्षांच्या होत्या. शेवटचा भाग त्यांच्या मृत्यूनंतर आला. मराठीतील सर्वश्रेष्ठ आत्मचरित्रांत त्याची गणना होते. इंग्रजीतही त्याचे अनुवाद झाले. त्यात प्रवचन नाही, कोणावर दोषारोप नाही, स्वतःची थोरवी तर नाहीच. आहे तो प्रसन्न विनोद आणि निर्भय सत्य. वडिलांचे सोवळे, पतीचा संताप, स्वतःचे हट्ट, सर्व काही त्यांनी हसतमुखाने सांगितले. ज्याला क्षमा करता आली त्यालाच असे हसता येते. रोज झोपण्यापूर्वी देवासमोर आपला दिवस उलगडून पाहण्याची जी साधना संत इग्नेशियस लोयोला यांनी ख्रिस्तसभेला दिली, तिचाच जणू विस्तार आम्हांस या ग्रंथात दिसतो. लक्ष्मीबाईंनी दिवसाऐवजी सारे आयुष्य उलगडले, एवढाच फरक.

दिंडोरीच्या मळ्यातून पाहताना

आमच्या दिंडोरी तालुक्यात द्राक्षबागा आहेत. बागायतदाराला ठाऊक असते की वेलीला वर्षातून दोन वेळा छाटावे लागते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीवर घड दिसत नाहीत. दिसतात ती फक्त नवी फूट आणि पाने. पण त्याच काळात काडीच्या डोळ्यांत पुढच्या घडाची तयारी गुपचूप होत असते. ऑक्टोबरच्या छाटणीनंतरच घड बाहेर येतात. उन्हाळ्यात जो बागेकडे दुर्लक्ष करतो, त्याला हिवाळ्यात नुसती पाने पाहावी लागतात. योहानकृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात प्रभूने स्वतःला द्राक्षवेल आणि पित्याला माळी म्हटले आहे. हा दाखला आपल्याइतका जवळून कोणाला समजावा? लक्ष्मीबाईंची वियोगाची वर्षे, दोन चुलींची वर्षे, जोडाक्षरांशी झुंजण्याची वर्षे ही न दिसणाऱ्या वाढीची वर्षे होती.

त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान असलेली फ्रान्समधील एक कुमारिका, बाळ येशूची संत तेरेजा, त्याच काळात मठाच्या भिंतींआड लहान लहान कृती मोठ्या प्रेमाने करण्याचा मार्ग चालत होती. १९९७ साली ख्रिस्तसभेने तिला धर्मपंडिता म्हणून गौरविले. या दोघी एकमेकींना कधी भेटल्या नाहीत. तरी पवित्रतेची वाट रोजच्या भांड्याकुंड्यांतून, रोग्याच्या अंथरुणापासून आणि न आवडणाऱ्या माणसाच्या शेजारून जाते, हे दोघींनीही जगून दाखविले.

मग या प्रायश्चित्तकाळात आपण काय करावे? मोठे संकल्प बाजूला ठेवून आम्ही काही लहान सवयी सुचवितो. सकाळी उठल्यावर कामाला हात घालण्यापूर्वी पाच मिनिटे प्रार्थना करावी. बागेत फवारणी केल्यावर हातपाय साबणाने स्वच्छ धुवावेत, कपडे बदलावेत आणि मगच लेकराला जवळ घ्यावे. देवाने दिलेल्या शरीराची निगा हीही उपासनाच होय. मजुरीचा पैसा दारूच्या गुत्त्यावर न जाता घरी जावा. दिवसाकाठी शुभवर्तमानाचे एक पान वाचावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी नातवंडांकडून वाचून घ्यावे आणि जमल्यास अक्षरेही शिकावीत, वय आडवे येऊ देऊ नये. रात्री कुटुंबाची जपमाळ झाल्यावर थोडा वेळ शांत बसून विचारावे, आज मी कोणाला दूर ठेवले?

हा शेवटचा प्रश्न आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. द्राक्षांच्या हंगामात पेठ, सुरगाणा भागांतून कष्टकरी कुटुंबे आपल्याकडे कामाला येतात. त्यांच्यासाठी आपल्या घरी वेगळा पेला तर ठेवलेला नाही ना? सोयरीक जुळविताना, धर्मग्रामाची समिती निवडताना, स्नानसंस्कारापूर्वीची जात आपण मनात धरून तर बसत नाही ना? सोवळे केवळ जलालपूरच्या एका घरात होते असे मानून आपण निश्चिंत राहू शकत नाही. ते नवी वस्त्रे नेसून आपल्याही उंबरठ्यावर उभे असते. लक्ष्मीबाईंनी ते एकदा ओळखले आणि मग उरलेल्या आयुष्यातील प्रत्येक दिवशी ते थोडे थोडे धुऊन काढले.

प्रार्थना

हे दयाळू पित्या, तुझी कन्या लक्ष्मीबाई हिला तू भीतीच्या पाण्यातून काढून प्रीतीच्या पाण्यात न्हाऊ घातलेस, याबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. आमच्या रोजच्या सवयींवर तुझा हात फिरू दे. जी सवय आम्हांस बांधून ठेवते ती तोडण्याचे बळ दे; जी सवय तुझ्याकडे आणि शेजाऱ्याकडे नेते तिच्यात सातत्य दे. आमचे हात स्वच्छ असोत आणि ते सर्वांसाठी पुढे होवोत. आमचा प्रभू ख्रिस्त याच्याद्वारे आम्ही ही प्रार्थना करतो. आमेन.